सगळे वाघमारे आपल्यातले

पहिल्या वर्गाच्या डब्यात गाढ झोपलेल्या जज्जसाहेबांना खिडकीवर टकटक करून उठवायचं, ते डोळे चोळत झडप उघडतात तोवर त्यांच्या हातात करवंदांचा द्रोण ठेवायचा आणि वर त्यांनाच विचारायचं, "दारावरून चाललात आणि साधी हाकही मारली नाहीत?" हे करायला जी छाती लागते ती आमच्या कर्जतात एकाच माणसाला होती. त्यांचं नाव दाजी वाघमारे. जज्जसाहेबांचं आडनावही वाघमारे होतं. दोघांमध्ये संबंध होता तो एवढाच, आणि दाजींच्या मते तेवढा पुष्कळ होता.

मी तेव्हा कर्जत स्टेशनात पार्सलबाबू होतो. जर्मनीची लढाई संपून काही वर्षं झाली होती, विजेची इंजिनं अजून यायची होती. मुंबईहून पुण्याकडे जाणारी गाडी घाट चढण्याआधी कर्जतला थांबायची आणि मागून तिला जोडइंजिन लावायचे. तेवढ्या वेळात उतारू पाय मोकळे करत, तांब्या भरून घेत, हमालांशी भांडत. दाजी तेवढ्या वेळात वरच्या वर्गांचे सगळे डबे वाचून काढत. त्या डब्यांच्या दारांवर राखीव जागेच्या चिठ्ठ्या लावलेल्या असत आणि त्या इंग्रजीत असत. दाजींना इंग्रजी येत नव्हतं. फक्त आपलं आडनाव इंग्रजीत कसं दिसतं ते त्यांनी माझ्याकडून शिकून घेतलं होतं, आणि तेवढ्या भांडवलावर ते फलाटावर उतरत. सुरुवातीला बऱ्याच निरपराध माणसांची झोप मोडली. एकदा वॉर्नर नावाच्या एका गोऱ्या साहेबाला जांभळं मिळाली. साहेबाने ती खाल्ली आणि जीभ बाहेर काढून स्वतःच्या बायकोला दाखवली. मी दाजींना चूक सांगितली तर म्हणाले, "खाऊ दे. पाहुणा आहे."

दाजी मालधक्क्यामागच्या कोळशाच्या वखारीत मुकादम होते. डोंगरातले कातकरी भट्ट्या लावून लाकडाचा कोळसा पाडत आणि डोक्यावरून वखारीत आणून टाकत. तो उतरवून घ्यायचा आणि मालगाडीच्या वाघिणीत भरून मुंबईला धाडायचा हे दाजींचं काम. दिवसभर माणूस इतका काळा असायचा की सावलीत बसला तर दिसायचा नाही. गाडीची वेळ झाली की मात्र विहिरीवर आंघोळ, धुतलेला पांढरा कोट, डोक्याला जांभळा रुमाल. नखांच्या कडेचा कोळसा तेवढा कधी निघाला नाही. तो लपवायला ते द्रोण दोन्ही हातांनी धरत, बोटं खालच्या अंगाला ठेवून. लोकांना वाटायचं, काय अदब आहे.

आम्ही शेजारी राहायचो. मधली भिंत कुडाची, त्यामुळे त्यांचं घोरणं मला आणि माझं त्यांना तोंडपाठ होतं. ते एकटेच असत. लग्न का केलं नाहीत असं मी एकदा विचारलं. "मुलीकडचे फार चौकशा करतात," एवढंच म्हणाले.

त्यांच्या बाजूच्या भिंतीवर त्यांचं गणगोत चिकटवलेलं होतं. वर्तमानपत्रात, मासिकात, औषधाच्या जाहिरातीत, कुठेही वाघमारे दिसला की दाजी तो कापून आणायचे. डॉक्टर वाघमारे, ज्यांनी कुणाच्या तरी पोटातून मोठा खडा काढला होता. प्रोफेसर वाघमारे, ज्यांनी काय केलं होतं ते मला वाचूनही कळलं नाही. गाणाऱ्या वाघमारेबाई, ज्यांच्या तबकड्या निघत. आणि जज्जसाहेबांच्या अगदी शेजारी, खोटी नाणी पाडताना पकडला गेलेला एक वाघमारे.

"दाजी, अहो, जज्जसाहेबांच्या शेजारी हा?"

"मग? घरातलं वांड पोर थोरल्या भावाच्या डोळ्यासमोरच ठेवतात."

"घरातलं?"

"आपल्यातलाच तो."

हा त्यांचा शब्द. आता 'आपल्यातला' म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. नवा माणूस गावात आला की आपण आधी त्याचं आडनाव विचारतो, मग मूळ गाव विचारतो, मग कुलदैवत, मग आडून आडून सासुरवाड, आणि एवढं सगळं चाळून झालं की आत हाक मारून सांगतो, "पाट मांडा गं, आपल्यातलेच आहेत." दाजी पहिल्याच प्रश्नावर थांबत. वाघमारे म्हटलं की पाट मांडलाच.

आमच्या पोस्टमास्तरांना हे फार खुपायचं. त्यांना सगळ्यांच्या सात पिढ्या ठाऊक असत. एकदा ते गालात हसत म्हणाले, "दाजी, त्या गाणाऱ्या बाईला आपल्यातली म्हणता, तिची आई कोण होती माहीत आहे का?"

"आई कोण ते तुम्ही विचारलंत," दाजी म्हणाले. "मी आडनाव विचारलं. तिनं सांगितलं. माझं काम झालं."

खालापूरच्या जत्रेतली गोष्ट तर मी डोळ्यांनी पाहिलेली. कुस्त्यांत एक पैलवान वाघमारे उतरणार अशी बातमी होती. दाजी मला घेऊन बैलगाडीने गेले, नारळ घेतला, फेटा घेतला, आखाड्याच्या पुढे जाऊन बसले. पैलवान आला, मांडी थोपटली, आणि माझी विडी पेटेपर्यंत उताणा पडला. माणसं हसायला लागली. दाजी सरळ आखाड्यात उतरले आणि हरलेल्याला फेटा बांधायला लागले. पंच धावत आला. "अहो, तो पडलाय. फेटा जिंकणाऱ्याला."

"जिंकणाऱ्याला बांधायला सगळं खालापूर बसलंय. ह्याला कोण बांधणार? सरका."

पंच सरकला. तो पैलवान इतका गोंधळला की फेटा बांधून होईपर्यंत मान खाली घालून उभा राहिला, आणि मग रडला. परतीच्या वाटेवर मी दाजींना म्हटलं की तुम्ही आमचं हसं केलंत. ते म्हणाले, "तुमचं कसं होईल? तुम्ही सबनीस."

एकच गोष्ट त्यांच्या तोंडून कधी निघत नसे. ती म्हणजे त्यांचं स्वतःचं मूळ. कल्याणच्या वखारीत वाढले आणि जुन्या मालकाने मुकादम करून इकडे धाडलं, एवढं गावाला ठाऊक होतं. राहणी नेटकी, बोलणं ठसक्याचं, म्हणून लोकांनी त्यांना चांगल्या घरचा मराठा धरून टाकलं होतं.

"मूळ गाव कुठलं, दाजी?"

"घाटावर."

"घाटावर कुठे?"

"बाबू, तुमची गाडी आली बघा."

मी उठून बघायचो. बहुतेक वेळा गाडी आलेली नसायची.

वखारीत येणाऱ्या कातकऱ्यांत बुधी म्हणून एक म्हातारी होती. काळीसावळी, काटकुळी, तोंडात तंबाखू. आता तिच्याने कोळशाची पाटी उचलत नसे, म्हणून ती रानातला मेवा आणून फलाटावर विकायची, आणि दाजींच्या द्रोणांतला माल तिच्याकडूनच यायचा. दाजी वखारीत सगळ्यांवर ओरडत, मालकावरसुद्धा. बुधीवर कधी नाही. तिला ते 'बय' म्हणत. आमच्याकडे कुठल्याही म्हाताऱ्या बाईला बय म्हणतात, त्यामुळे त्यात कुणाला काही वाटलं नाही. ती मात्र त्यांना खुशाल सगळ्यांदेखत 'काय रं' म्हणायची. तिचं आडनावही वाघमारे. आमच्या डोंगरातल्या कितीतरी कातकऱ्यांचं तेच आहे. दाजी तिच्याकडे हात करून पोस्टमास्तरांना सांगायचे, "ही पण आपल्यातलीच." पोस्टमास्तर हसायचे. गंमत म्हणून सोडून द्यायचे.

असं सगळं बरं चाललं होतं, आणि तेवढ्यात दाजींना यश आलं.

पुण्याचे एक रावबहादूर वाघमारे होते. सरकारी पूल बांधून निवृत्त झालेले, भरघोस मिशांचे, सोन्याच्या चष्म्याचे. ते मुंबईहून परतत असताना दाजींनी त्यांना किती वेळा उठवलं असेल कोण जाणे. बाकीचे वाघमारे द्रोण घेऊन झडप लावून घेत. हे रावबहादूर एक दिवस खाली उतरले आणि दाजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमच्यासारखी आस्था आमच्या सख्ख्या भावांना नाही. मी वाघमाऱ्यांचं कुलमंडळ काढतो आहे. पहिला मेळावा इथेच घेऊ या, तुमच्या कर्जतला."

दाजी त्या दिवशी खोलीवर आले ते बोलेनात. मी कुडाला कान लावला, तर भिंतीवरच्या एकेका वाघमाऱ्याला बातमी सांगणं चाललं होतं.

रावबहादुरांनी एक वंशवृक्ष रंगवून घेतला होता. भलंमोठं कापड, त्यावर वडाचं झाड, फांद्याफांद्यांवर गोल, आणि प्रत्येक गोलात एक वाघमारे. ते आधी येऊन दाजींना दाखवून गेले. एका फांदीवर एक गोल कोरा होता. रावबहादूर त्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा तुमचा. वडिलांचं नाव आणि मूळ गाव द्या, चितारी रंगवून टाकेल. आजपासून तुम्ही आमचे चुलतबंधू."

दाजी त्या कोऱ्या गोलाकडे किती वेळ बघत होते. मग म्हणाले, "मेळाव्यात सांगतो. सगळ्यांदेखत."

सबंध कर्जतात त्या गोलाचा बोलबाला झाला. जन्मभर दुसऱ्यांना आपल्यातला म्हणत फिरलेल्या माणसाला आता कुणीतरी आपला म्हणणार होतं, आणि तेही रावबहादूर. मला खरोखर आनंद झाला होता. दाजी झोपेत हसायला लागले होते. कुडातून ऐकू यायचं.

मेळाव्याच्या दिवशी वखारीचं अंगण ओळखू येत नव्हतं. कोळसा मागे ढकलून ताडपत्री टाकली होती, जमीन शेणाने सारवली होती, मांडव घातला होता. घाटावरून दुपारच्या गाडीने वाघमारे उतरले. डॉक्टर आले, प्रोफेसर आले, जज्जसाहेबांनी धाकट्या भावाला पाठवलं होतं. मांडवात झाड टांगलं. आचाऱ्याची जिलबी तळून झाली. पत्रावळी मांडल्या. आणि मग दाजींची माणसं आली.

पुढे खालापूरचे हवालदार वाघमारे, बसऱ्याच्या लढाईतून आलेले, छातीवर पदक. रावबहादूर उठून त्यांना सामोरे गेले, हात हातात घेतला, "वाघमाऱ्यांचं नाव तुम्ही रणात नेलंत," म्हणाले. मग विचारलं, "खालापुरात घर कुठे आपलं?" हवालदार ताठ उभे राहून म्हणाले, "महारवाड्यात." रावबहादुरांनी हात सोडला. सोडला म्हणजे हळूच काढून घेतला आणि चष्मा पुसायला लागले.

मागून बुधी आणि तिच्या वाडीतली भट्टीवाली माणसं आली. सगळ्यांनी आंघोळ केलेली, बायकांनी डोक्यात रानफुलं घातलेली. दाजींनी बुधीला हाताला धरून आत आणलं आणि पहिल्या ओळीतल्या पहिल्या पाटावर बसवलं. तो पाट रावबहादुरांचा होता. त्याभोवती रांगोळी काढली होती.

मांडवातले सगळे रावबहादुरांकडे बघायला लागले.

रावबहादूर माणूस वाईट नव्हता, हे मला सांगितलं पाहिजे. त्यांनी आवाजही चढवला नाही. दाजींना बाजूला घेऊन ते समजुतीने म्हणाले, "दाजीसाहेब, उत्साहाच्या भरात होतं असं. ह्यांनाही जेवायला घाला, अवश्य घाला. मागच्या बाजूला बसवा."

"मागच्या बाजूला कोळसा आहे," दाजी म्हणाले.

"मग आपलं झाल्यावर. हे वाघमारे निराळे, आपण निराळे. नुसतं आडनाव जुळलं म्हणून कुणी कुळातलं होत नाही."

"तुमचं माझं काय जुळलं होतं?"

रावबहादूर थबकले. मग हसले. "तुम्ही आपल्यातले आहात, ते दिसतंच. फक्त नाव, गाव द्या आणि हे आवरा. गोल कोरा ठेवलाय तुमच्यासाठी. माझा शब्द आहे."

मी जवळच उभा होतो. दाजींनी एकदा त्या झाडाकडे पाहिलं. त्यांना तो गोल हवा होता. इतका हवा होता की त्यांचा चेहरा मला बघवेना. मग ते मांडवाच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि वखारीत ओरडतात त्या आवाजात बोलायला लागले.

"रावबहादूर नाव विचारतात. ऐका. वडलांचं नाव मला ठाऊक नाही. गाव ठाऊक नाही. जात ठाऊक नाही. मोठ्या दुष्काळात घाटावरून माणसं भरून गाडी उतरली, त्यात मी होतो. गाडी गेली, मी ह्याच कर्जतच्या फलाटावर राहिलो. राहिलो की ठेवला, तेही ठाऊक नाही. ही बय तेव्हा पोरसवदा होती, फलाटावर करवंदं विकायची. तिनं मला वाडीवर नेलं, नाचणी भरवली. पुढं वखारीच्या जुन्या मालकानं मला कल्याणला कामाला घेतलं आणि विचारलं, पोराचं आडनाव काय. हिच्यापाशी एकच आडनाव होतं. तिनं ते मला दिलं."

बुधी पत्रावळीकडे बघत बसली होती. ती म्हणाली, "आता कशाला सांगतूस रं. जिलबी थंड व्हईल."

"सांगू दे, बय." दाजी रावबहादुरांकडे वळले. "तुम्हाला हे आडनाव वडलांकडून आपोआप आलंय. मला हिनं हातानं दिलंय. गोलात घालायचं तर आधी हिचं नाव घाला आणि खाली माझं. नाही तर राहू दे कोरा."

"ही फसवणूक आहे," रावबहादूर म्हणाले. आता मात्र त्यांचा आवाज चढला होता. "इतके दिवस आम्ही तुमच्या हातचं खाल्लं."

"आडनाव विचारलंत, ते खरं सांगितलं. करवंदंही गोड होती."

झाड उतरवलं गेलं. घाटावरचे वाघमारे उठले, जोडे घातले आणि स्टेशनावर चालते झाले. डॉक्टर दारापर्यंत जाऊन घुटमळले, जिलबीकडे पाहिलं, पण शेवटी गेले. मांडवात अर्ध्या पत्रावळी रिकाम्या राहिल्या. दाजींनी पंचा कमरेला बांधला, ताट उचललं आणि वाढायला सुरुवात केली. माझ्यापाशी आले. "बाबू, तुम्ही सबनीस. तुमच्यावर जुलूम नाही."

मला तेव्हा तत्त्व वगैरे काही सुचलं नाही. मला भूक लागली होती आणि रावबहादुरांचा राग आला होता. मी हवालदारांच्या शेजारी पाट ओढला आणि बसलो. हवालदार म्हणाले, "उद्या गावाला काय सांगाल?" मी म्हटलं, "जिलबी चांगली होती म्हणून सांगेन." नंतर गावाने मला प्रायश्चित्त घ्यायला सांगितलं. मी अजून विचार करतो आहे.

संध्याकाळी ड्यूटीवर गेलो तर सगळे थोर वाघमारे फलाटावर बसलेले. वरची गाडी उशिरा होती. वारा वखारीकडून होता आणि मांडवातला वास सरळ फलाटावर येत होता. प्रोफेसर बुधीच्याच जावेकडून बोरं विकत घेऊन खात होते. विकत घेतलेल्या बोरांना विटाळ नसावा. रावबहादुरांनी वंशवृक्षाची गुंडाळी पार्सलने पाठवायला माझ्यापुढे ठेवली. मी ती तोलली, नेहमीच्या दराने पावती फाडली आणि सुक्या मासळीच्या टोपल्यांशेजारी ठेवून दिली. जागा तेवढीच शिल्लक होती.

दुसऱ्या दिवसापासून खानावळवाल्याने दाजींना ताट वाढायचं बंद केलं. विहिरीवर त्यांना पाणी भरू देईनात. न्हावी दिसला की तोंड फिरवायचा. वखारीचे नवे मालक कल्याणहून आले आणि म्हणाले, दाजी, तुम्ही आता नको. दाजी म्हणाले, बरं. त्या दिवशी डोंगरातून कोळशाच्या पाट्या आल्या, फाटकापर्यंत आल्या, दाजी आत नाहीत हे कळलं आणि तशाच डोक्यावर परत गेल्या. मालक धावत मागे गेले. पुढचा माणूस न वळता म्हणाला, "दाजी हाय तर आमी हाय. दाजी नाय तर आमी बी नाय." मालकांना कोळसा हवा होता. दाजी राहिले.

ते भाकरी स्वतः भाजायला लागले, नदीवरून पाणी आणायला लागले, दाढी वाढवली आणि ती त्यांना शोभली. पोस्टमास्तर रस्त्यात म्हणाले, "काय मिळवलंत, दाजी? घरात आलेलं कूळ दवडलंत."

"कूळ पंगतीला जेवून गेलं," दाजी म्हणाले. "जे उठले ते उपाशी गेले. माझा इलाज नाही."

मला वाटलं होतं, आता फलाटावरचं ते चिठ्ठ्या वाचणं तरी संपेल. कसलं संपतंय. गाडीची वेळ झाली की नदीवर आंघोळ, पांढरा कोट, जांभळा रुमाल, हातात द्रोण. भिंतीवरचा एक कागद त्यांनी काढला नाही.

पुढच्या वैशाखात एकदा मुंबईची गाडी आली आणि पहिल्या वर्गाच्या दारावरची चिठ्ठी मीच आधी वाचली. रावबहादूर होते. मी दाजींना अडवायला गेलो, तोवर त्यांनी टकटक केली होती. झडप उघडली. आतून सोन्याचा चष्मा दिसला. झडप खाड्कन लागली. दाजींनी करवंदांचा द्रोण खिडकीच्या कडेवर ठेवला, तो पडत नाही ना हे बघितलं आणि पुढच्या डब्याकडे निघाले.

मला संताप आला. "दाजी, काही मान आहे की नाही तुम्हाला? त्या माणसाने तुमच्या तोंडावर—"

"आपल्यातलाच आहे," ते चालता चालता म्हणाले. "रागावलाय."

बुधी तिथेच भिंतीला टेकून पाटीपुढे बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन चरफडत उभा राहिलो. म्हटलं, "बय, तू तरी सांग त्याला. अशी दारं ठोठावत कशाला फिरतो हा? तुझ्यासारखी आई असताना?"

तिने तंबाखू थुंकली.

"ती सवय माजीच हाय, बाबू," ती म्हणाली. "येवढा येवढासा व्हता. मी त्याला कडेवर घ्यायची आन् रोज हितं आनायची. वाटायचं, याची मानसं परत येतील, हुडकत आसतील. गाडी थांबली का खिडकीखिडकीला न्यायची. ह्यो कुनाचा हाय, ह्यो तुमच्यातला हाय का, आसं इचारायची. तवा नाव बी नव्हतं त्याला. मानसं बघायची, आन् त्वांड फिरवायची. पाऊस झाला, दुसरा पाऊस झाला, तरी आनायची. मंग त्योच म्हनाला, नको नेऊस."

तिने द्रोणांची पानं नीट केली.

"एकानं बी नाय म्हनलं रं, आमच्यातला हाय म्हनून. एकानं बी नाय."

फलाटाच्या त्या टोकाला दाजी एका दारापुढे उभे होते. पायाच्या बोटांवर उंच होऊन, मान वाकडी करून चिठ्ठी वाचत होते. हल्ली त्यांना अक्षर नीट दिसत नव्हतं. गाडी लांब होती, आणि जोडइंजिन मागून यायला लागलं होतं.

माझ्या ऑफिसात पार्सलं पडली होती. ती पडू दिली. बुधीकडून एक द्रोण घेतला आणि गाडीच्या दुसऱ्या टोकाकडून मी चिठ्ठ्या वाचायला सुरुवात केली.